शेवटच्या दिवशी दगा देणार नाही कशावरून?

कलमबहाद्दर:
विज्ञानकथा लिहितोय, अडलोय. मंगळाकडे निघालेलं मालवाहू यान, सात महिन्यांचा प्रवास, आत दोघंच पुरुष. एक तिजोऱ्या फोडणारा, दुसरा खोटे दस्तऐवज करणारा. दोघांनीही आजवर साथीदारांकडूनच मार खाल्लाय. ते एकमेकांच्या प्रेमात पडतात. मित्राला वाचून दाखवलं तर म्हणाला, "तिसऱ्या प्रकरणात उशाखाली सुरा आणि पाचव्यात गळ्यात गळे? मधलं कुठे गेलं?" माझं म्हणणं, प्रेम जडलं की संशय आपोआप विरतो. पटतंय का?

निशाचर:
अजिबात नाही. संशय हेच या दोघांचं पोट भरायचं साधन. खोट्या सह्या करणारा प्रेमपत्र हातात आलं तरी आधी पेन कुठे थबकलंय ते बघणार! प्रेमात पडला म्हणून सोनार कस लावायचं सोडतो का?

अर्धविराम:
मुळात यान कशाला? तुरुंगाच्या कोठडीतही हीच गोष्ट घडेल. मंगळ नुसता पडद्यावर रंगवलेला.

निशाचर:
कोठडीबाहेर पहारेकरी असतो हो. इथे पृथ्वीला हाक मारली तर ती पोचायलाच मंगळाजवळून 3 ते 22 मिनिटं. निर्वातात पोशाख फाटला तर 15 सेकंदांच्या आसपास शुद्ध हरपते. पाठीवरची जोडणी स्वतःला दिसत नाही, ती दुसऱ्यानेच तपासायची. 2013 मध्ये स्पेसवॉक चालू असताना लुका पार्मितानो या अंतराळवीराच्या हेल्मेटमध्ये पाणी भरलं. डोळ्यांना दिसेना, कानाला ऐकू येईना. एअरलॉकमध्ये, म्हणजे आत-बाहेर करायच्या हवाबंद खोलीत, जोडीदार ख्रिस कॅसिडी त्याचा हात दाबून ठीक आहेस ना विचारत होता. ते दोघे सहकारी, पण हाच प्रसंग तुमच्या दोन चोरांवर आणा. उशाखालचा सुरा तसाच राहू दे.

त्रैराशिक:
यावर गणितात जुना पेच आहे, कैद्यांचा: दोन साथीदार वेगवेगळ्या कोठड्यांत, प्रत्येकाने गप्प राहून साथ द्यायची की दुसऱ्याचं नाव सांगून दगा द्यायचा? 1950 मध्ये फ्लड आणि ड्रेशर या गणितज्ञांनी मांडला, टकर या गणितज्ञाने त्याला कैद्यांची गोष्ट जोडली. डाव एकदाच असेल तर दगा फायद्याचा. पुन्हा पुन्हा खेळायचा असेल तर चित्र बदलतं. ॲक्सेलरॉड या राज्यशास्त्रज्ञाने हाच डाव खेळणाऱ्या संगणक प्रोग्रामांची स्पर्धा घेतली, तिच्यात रॅपोपोर्टने दिलेला 'जशास तसे' हा प्रोग्राम जिंकला: पहिली खेळी सहकार्याची, पुढे समोरचा वागेल तसं. पण शेवटचा डाव कोणता हे दोघांना ठाऊक असेल तर त्या डावात दगा देणं पुन्हा परवडतं. तुमचं यान कधी उतरणार हे दोघांनाही माहीत आहे. म्हणजे खरी गोष्ट पाचव्या प्रकरणात नाहीच, शेवटच्या दिवशी आहे.

अर्धविराम:
यानाचं मान्य. पण हिशेब जुळला की प्रेम झालं? असा व्यवहार दोन दुकानदारही करतात. शेवटच्या दिवशी दगा परवडत असूनही जो देत नाही, त्याच्याबद्दल वाचायला आवडेल. आणि यांनी ज्यांना लुटलं त्यांचं काय, तेही कुठेतरी येऊ द्या. दोघे चोर गोड वाटायला लागले की लेखक ते हमखास विसरतो.

कलमबहाद्दर:
संशय विरतो हे वाक्य मागे घेतो. पाचवं प्रकरण फाडलं. आता असं आहे: उतरायची आदली रात्र. तिजोरीवाला जागा. दुसरा घोरतोय, सात महिन्यांत पहिल्यांदाच.

निशाचर:
घोरायचं सोंग घेतलं असेल तर?

कलमबहाद्दर:
तिजोरीवालाही तेच ऐकत बसलाय.