क्रीडन्सची माती नकली, आणि 'द बँड'ची अस्सल?

चिमटा_गिटार
काल इथे एकांनी 'क्लासिक रॉकमधले मातीतले पाच अल्बम' अशी यादी टाकली. यादीला माझी हरकत नाही. पण खाली क्रीडन्सबद्दल (म्हणजे 'क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल', कॅलिफोर्नियाचा रॉक बँड) पिंक टाकलीय: "क्रीडन्सला जागा नाही. कॅलिफोर्नियाच्या पोरांनी लुइझियानाच्या दलदलीची गाणी म्हणणं म्हणजे कोथरूडात एसी लावून नांगरटीची गाणी रचणं." तिथेच उत्तर द्यायला बसलो, ते लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

याच महाशयांच्या यादीत पहिला नंबर कुणाचा? 'द बँड'च्या १९६९ च्या तपकिरी अल्बमचा. अहो, या बँडमधल्या पाचांतले चार कॅनडाचे! अमेरिकेच्या दक्षिणेतला एकटा लेव्हॉन हेल्म, आर्कान्सॉचा. अमेरिकी यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या पराभवाचं जे गाणं ऐकून तुम्ही हळवे होता, ते टोरांटोच्या रॉबी रॉबर्टसनच्या नावावर आहे. आणि अल्बमचं बरंचसं काम झालं कुठे, तर हॉलिवूडच्या टेकड्यांवर, सॅमी डेव्हिस ज्युनिअरच्या बंगल्यात, पोहण्याच्या तलावाशेजारच्या खोलीत. ती माती चालते?

क्रीडन्सचा गायक आणि गीतकार जॉन फॉगर्टी एल सेरिटोचा, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडचा. असेना! १९६९ या एका वर्षात क्रीडन्सचे तीन अल्बम आले. नवख्याला मी त्यातला 'विली अँड द पुअर बॉईज' देईन. पस्तीसेक मिनिटांत खेळ खलास, उगाच लांबवलेलं काही नाही. त्यातलं 'कॉटन फील्ड्स' जुन्या कृष्णवर्णीय लोकगायक लेड बेलीचं, आणि श्रेयही त्यालाच दिलंय.

मिरजकर_ब्लूज
पिंक माझीच. तलावाची खोली मला माहीत होती, तुम्ही काही शोध लावलेला नाही. कॅनडाचं मान्य, घ्या, वाटा पेढे. पण त्यांच्यात निदान एक लेव्हॉन होता, तो गायला लागला की कापसाच्या शेताचा वास येतो. क्रीडन्सकडे कोण होतं?

खरखर
तुम्ही दोघं जन्मदाखले तपासत बसा. पैसे कुणाला मिळाले ते बोला. कृष्णवर्णीय ब्लूज गीतकार विली डिक्सनने लिहिलेलं गाणं १९६२ ला ब्लूज गायक मडी वॉटर्स गायला. लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडने १९६९ ला त्यातलेच शब्द उचलून 'होल लोटा लव्ह' केलं. डिक्सनने १९८५ ला दावा लावला, १९८७ ला तडजोड झाली, तेव्हा कुठे त्याच्या पदरात काही पडलं.
आपल्याकडे वेगळं नाही. माझी आजी जात्यावर म्हणायची ती ओवी, तीच चाल, एका कॅसेटवर निघाली. वर 'संगीत' म्हणून एका गृहस्थांचं नाव. आजीने कव्हर डोळ्यांजवळ धरलं आणि म्हणाली, "ह्यो कुनाचा म्हनायचा?" 'पारंपरिक' एवढे पाच अक्षरांचे उपकारही जड झाले. तेव्हापासून मला माती-बिती शब्द ऐकला की डोकं फिरतं.

चिमटा_गिटार
आजीचं पटलं. पण फॉगर्टीला त्या रांगेत उभं करू नका. त्याच्यावर तर स्वतःचीच चाल चोरल्याचा खटला झाला! १९७० च्या गाण्याचे हक्क जुन्या कंपनीकडे, १९८४ चं गाणं त्याच्यासारखं वाटतं म्हणून कोर्टात. पठ्ठ्या साक्षीला गिटार घेऊन बसला, वाजवून दाखवलं, जिंकला.

उलटी_कॅसेट
भांडण चालू द्या. माझी शिफारस ऑलमन ब्रदर्सचं 'अ‍ॅट फिलमोर ईस्ट', १९७१. त्यांचा गिटारवाला ड्वेन ऑलमन गोळ्यांची रिकामी काचेची बाटली बोटात अडकवून, ती तारांवर सरकवत स्लाइड वाजवायचा. अल्बम जुलैत आला, ऑक्टोबरमध्ये तो मोटरसायकल अपघातात गेला. वय २४.
हा मी दादरच्या एका दुकानातून कॅसेटवर भरून घेतला होता. पैसे नव्वद मिनिटांच्या कॅसेटचे दिले, त्याने भरला साठ मिनिटांच्या कॅसेटवर. 'यू डोन्ट लव्ह मी' मधोमध तुटायचं, आणि २३ मिनिटांचं 'व्हिपिंग पोस्ट' सहाव्या मिनिटाला खट्! बारा वर्षं मला वाटत होतं गाणं तेवढंच आहे.

मिरजकर_ब्लूज
वा! वर डिक्सनसाठी गळा काढताय आणि स्वतः कॅसेटी भरून घेत होता?

उलटी_कॅसेट
गळा मी नाही, खरखर यांनी काढला. आधी नावं वाचा. आणि १९८८ ला ऑलमन ब्रदर्सची ओरिजिनल कुठे मिळत होती, मिरजेत?

खरखर
मलाही भरूनच मिळायची. डिक्सनला माझ्याकडूनही छदाम गेला नाही. झालं समाधान?

फीत_गुंतली
माझ्या काकांचं असंच दुकान होतं (दादरला नव्हे, बघू नका माझ्याकडे). नव्वदची फीत पातळ. स्वस्तातल्या डेकमध्ये गुंडाळली की गिऱ्हाईक कॅसेट आणून तोंडावर मारायचं. म्हणून काका साठच द्यायचे.

उलटी_कॅसेट
मान्य. पैसे नव्वदचे का?

फीत_गुंतली
विचारलं. काका म्हणाले, "चहा घेणार का?"

मिरजकर_ब्लूज
यादी सुधारली आहे. क्रीडन्स सहाव्या नंबरावर. यादी पाचांचीच आहे.

चिमटा_गिटार
चहा घ्या.