ऑस्ट्रेलिया पीआर: 65 पॉइंटला पास, माझे 70 होतायत, मग पैसे भरू का?

कोथरूडकर_92

नमस्कार मंडळी, थोडं सविस्तर लिहितोय, सांभाळून घ्या.

मी पुण्यात असतो, बीई कॉम्प्युटर, सॉफ्टवेअरमध्ये 9 वर्षं झाली, सध्या वय 32, फेब्रुवारीत 33 पूर्ण होतील. ऑस्ट्रेलियाच्या पीआरचं (कायम राहायच्या व्हिसाचं) दोन वर्षांपासून डोक्यात आहे पण आता मुलगी तीनची झाली, तिला शाळेत घालायच्या आधी काय ते ठरवू म्हणून मागच्या शनिवारी एका एजंटकडे गेलो. त्याने समोर कागदावर पॉइंटचा हिशोब मांडला: वय 30, डिग्री 15, अनुभव 15, इंग्लिश 10 (पीटीई ही इंग्लिशची परीक्षा मी 2024 मध्ये दिलेली, चारही भागांत 70 च्या वर आहे), एकूण 70. म्हणाला पासिंग 65 ला आहे, तुमचे पाच वरच आहेत, 189 ला (स्वतःच्या पॉइंटवर मिळणारा पीआर व्हिसा) टाकू, शुक्रवारपर्यंत 60 हजार भरा म्हणजे ईओआयचं (व्हिसासाठी बोलावणं यावं म्हणून भरायच्या फॉर्मचं) काम सुरू करतो.

मिसेस बीएससी बीएड आहे, वय 31, माध्यमिक शाळेत 6 वर्षं गणित-विज्ञान शिकवते. एजंट म्हणाला मॅडमनी इंग्लिशची परीक्षा दिली तर 5 मिळतील, नाही दिली तरी अडत नाही. तीही म्हणते राहू दे, कारण सध्या रात्री बारापर्यंत पेपर तपासत बसते, वर ही परीक्षा कुठे.

प्रश्न एवढाच की 70 वर काम होईल का आणि साधारण किती दिवस लागतात? घरी अजून कोणाला बोललेलो नाही, आईबाबांना तर अजिबात नाही. पैसे भरायच्या आधी कोणीतरी खरं सांगा.

यारा_काठी

दादा, शुक्रवारी पैसे भरू नका. आधी हे वाचा.

पहिली गोष्ट, 65 म्हणजे पास नाही. 65 म्हणजे रांगेत उभं राहायची परवानगी. ईओआय टाकल्यावर ज्यांचे पॉइंट जास्त त्यांना आधी बोलावणं येतं, आणि सॉफ्टवेअर इंजिनिअरची रांग सगळ्यात लांब असते. गेल्या काही वर्षांत 189 मध्ये आपल्या लाइनला 85-90 च्या खाली आशा धरण्यात अर्थ राहिलेला नाही. आणि ईओआय टाकायला सरकार एक पैसा घेत नाही, फॉर्म घरी बसून भरता येतो. एजंट घ्यायचाच असेल तर ऑस्ट्रेलियात नोंदणी असलेला घ्या, नंबर मागा आणि सरकारी यादीत स्वतः तपासा.

दुसरं जास्त महत्त्वाचं आहे. तुमचे 70 नाहीतच. आयटीवाल्यांचं स्किल असेसमेंट, म्हणजे डिग्री आणि अनुभवाची तपासणी, एसीएस ही संस्था करते आणि तुमच्यासारखी कॉम्प्युटरची डिग्री असली तरी त्या कामाशी जुळणाऱ्या अनुभवातली पहिली 2 वर्षं ते वजा करतात, ती 'स्किल्ड' व्हायला लागलेली वर्षं म्हणून धरतात. म्हणजे 9 ची झाली 7. परदेशातल्या अनुभवाला 3 वर्षांना 5, 5 वर्षांना 10 आणि 8 वर्षांना 15 असा हिशोब आहे, तर तुम्हाला 10 मिळतात. एकूण 65. आणि वयाचे 30 हे 25 ते 32 पर्यंतच, 33 पूर्ण झाली की 25, आणि वय बोलावणं येईल त्या दिवशीचं धरतात, फॉर्म भरला त्या दिवशीचं नाही. फेब्रुवारीत तुम्ही 60 वर येता, म्हणजे रांगेतूनच बाहेर.

आणि समजा खोटे 70 टाकून बोलावणं आलंच तरी पुढे ते सिद्ध करावे लागतात, नाही झाले तर व्हिसा नाकारतात आणि फी परत मिळत नाही. 2025 च्या जुलैत एकट्या मुख्य अर्जदाराचेच 4,910 ऑस्ट्रेलियन डॉलर झाले, जोडीदाराचे आणि मुलीचे वेगळे. मी 2019 ला आलो तेव्हा माझ्या ओळखीतला एक जण ह्याच अनुभवाच्या घोळात अडकला होता, त्याचं अजून वाईट वाटतं.

इंग्लिश 20 वर नेता आलं तर बघा, पण 7 ऑगस्ट 2025 पासून पीटीईचं माप बदललंय. आधी चारही भागांत 79 आले की झालं, आता नवीन परीक्षा दिली तर बोलण्यात 88 आणि लिहिण्यात 85 लागतात. तुमचा जुना स्कोअर जुन्या मापानेच धरतील आणि तो 3 वर्षं चालतो, तेव्हा तो आहे तसा जपून ठेवा.

वर्गशिक्षिका_ॲडलेड

मी इथे माध्यमिक शाळेत गणित शिकवते, मूळची सांगलीची. पोस्ट वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

दादा, तुम्ही स्वतःबद्दल अख्खा परिच्छेद लिहिलात आणि वहिनींना दोन ओळीत संपवलंत, एजंटनेही तेच केलं. पण तुमच्या घरात ऑस्ट्रेलियाला ज्याची गरज आहे ते माणूस त्या आहेत. माध्यमिक शिक्षक 189 च्या यादीत आहेत आणि शिक्षक, नर्स यांना आयटीवाल्यांपेक्षा बऱ्याच कमी पॉइंटवर बोलावणं येतंय. मुख्य अर्जदार नवराच असला पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही, आपणच तसं धरून चालतो. आमच्याकडेही हेच झालं होतं, दीड वर्ष आम्ही ह्यांचेच पॉइंट मोजत बसलो.

आता वहिनींचा हिशोब करा. वय 31, म्हणजे 30 आणि 33 पूर्ण होईपर्यंत ते तसेच राहणार. डिग्री 15. अनुभव 6 वर्षं, त्याचे 10. इंग्लिश चारही भागांत 7 आलं तर 10. आणि तुम्ही जोडीदार म्हणून एसीएस करून घेतलंत, इंग्लिश तर तुमचं आहेच, तर त्यांना तुमचे 10 मिळतात, नुसते 5 नाही, कारण तुमचा आणि त्यांचा व्यवसाय एकाच यादीत आहे. झाले 75. तुमच्या नावावर 65 आणि त्यांच्या नावावर 75, तेही कमी पॉइंटवाल्या रांगेत!

सोपं आहे असं मात्र सांगणार नाही. शिक्षकांचं असेसमेंट एआयटीएसएल करते आणि त्यांची इंग्लिशची अट कडक आहे: अकॅडमिक आयईएलटीएसला वाचणं-लिहिणं 7 आणि ऐकणं-बोलणं 8. दिवसभर मराठीतून शिकवणाऱ्या बाईला बोलण्यात 8 काढायला मेहनत लागते, मला दोनदा द्यावी लागली. बोलण्यात मी अडकायचे कारण उत्तर आधी मनात मराठीत जुळवायचे. मग तीन महिने रोज रात्री भांडी आवरताना दिवसभराचा वर्ग इंग्लिशमधून मोठ्याने सांगायचे, सासूबाई समोर बसून ऐकायच्या. त्याने फरक पडला.

दुसरं, शिक्षण एकूण 4 वर्षांचं तरी हवं, त्यात शिक्षकाचं प्रशिक्षण आलं पाहिजे. बीएससी 3 अधिक बीएड 2, तिथे अडचण नाही. पण प्रशिक्षणात निदान 45 दिवस प्रत्यक्ष वर्गावर, देखरेखीखाली शिकवलेलं असावं लागतं आणि ते कॉलेजने लेटरहेडवर लिहून द्यावं लागतं. खरी दमछाक इथे होते. माझ्या बीएड कॉलेजने पहिलं पत्र दिलं त्यात एकच ओळ होती, 'यांनी छात्रसेवाकाल समाधानकारकरीत्या पूर्ण केला आहे.' किती दिवस, कुठल्या शाळेत, कुठल्या इयत्तेला, काहीच नाही. तसल्या पत्राचा काही उपयोग नाही. तोवर आमच्या प्राचार्य बाई रिटायर झालेल्या, नवीन सर म्हणाले आम्ही असलं पत्र कधी दिलेलं नाही. तीन चकरा झाल्या. शेवटी मी स्वतः बसून तक्ता केला, तारीख, शाळेचं नाव, इयत्ता, विषय, पाठांची संख्या, खाली एकूण दिवस, आणि ऑफिसमधल्या जुन्या हजेरीपत्रकाशी एकेक तारीख ताडून घेतली. तो तक्ता समोर ठेवल्यावर सरांनी सही शिक्का दिला. वहिनींना म्हणावं कॉलेजला दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आधी जा.

सध्याच्या शाळेचंही पत्र लागेल, कधीपासून कधीपर्यंत, पूर्णवेळ की अर्धवेळ, कुठले वर्ग. सोबत पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट. इथे आल्यावर राज्याची शिक्षक नोंदणी वेगळी करावी लागते, पण ते पुढचं.

दोन_भाषा_एक_घर

ह्यात आपल्या मराठीचे 5 पॉइंट कोणी सांगितले नाहीत म्हणून लिहितो. नाटी नावाची संस्था सीसीएल परीक्षा घेते, त्यात मराठी आहे. पास झालात की 5. फी आठशे डॉलरच्या आसपास, स्वस्त नाही, पण इंग्लिशचे 10 चे 20 करण्यापेक्षा मला हे जवळचं वाटलं.

स्वरूप असं की दोन संवाद असतात, प्रत्येकी साधारण 300 शब्दांचे, एक माणूस इंग्लिश बोलतो आणि एक मराठी, आपण मधे बसून इकडचं तिकडे करायचं. एका वेळी जास्तीत जास्त 35 शब्द. 90 पैकी 63 लागतात आणि प्रत्येक संवादात 45 पैकी 29 तरी हवेत.

मी गाफील राहिलो कारण वाटलं मराठी तर घरचीच आहे. सराव करताना लक्षात आलं आपण घरी जी बोलतो ती अर्धी इंग्लिशच असते. एक उदाहरण देतो. ऑस्ट्रेलियात घरभाड्याच्या अनामत रकमेला बॉन्ड म्हणतात. आपल्याकडे बॉन्ड म्हटलं की शंभर-पाचशेचा स्टॅम्प पेपर डोळ्यासमोर येतो. मी सरावात 'घरमालक करारपत्र परत देत नाही' असं भाषांतर केलं आणि सगळ्या वाक्याचा अर्थच गेला. बरोबर होतं 'घरमालक अनामत रक्कम परत देत नाही.' मग एक वही केली: भाडेकरू, विमा, नुकसानभरपाई, थकबाकी, तपासणी अहवाल, जामीन, पालकत्व. कोर्ट, दवाखाना, घरभाडं, सरकारी मदत ह्याच विषयांवर जास्त भर द्या. रोज संध्याकाळी बायको इंग्लिश बातमी वाचायची, दर दोन वाक्यांनी थांबायची आणि मी मराठीत सांगायचो. पहिल्या फटक्यात झालं.

वहिनी शिक्षिका आहेत, मराठी माध्यमात शिकवत असतील तर त्यांना हे तुमच्यापेक्षा सोपं जाईल. मुख्य अर्जदाराने द्यायची असते हे लक्षात ठेवा. म्हणजे 75 चे 80.

दक्षिणेकडचा_वारा

वरचं सगळं पटलं, फक्त 189 वरच अडून राहू नका. 190 नावाचाही व्हिसा आहे, त्यात राज्याने नॉमिनेट केलं की 5 मिळतात आणि तोही पहिल्या दिवसापासून पीआरच. 491 ला 15 मिळतात, तो 5 वर्षांचा व्हिसा आहे, सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून राहायचं आणि 3 वर्षांनी 191 मधून पीआर. ॲडलेड, पर्थ, होबार्ट, कॅनबेरा सगळी त्यात येतात, म्हणजे जंगलात पाठवत नाहीत कोणी. आम्ही 491 वर होबार्टला आलो. पहिलं वर्ष मला माझ्या कामाची नोकरी नव्हती, गोदामात काम केलं, बायको रडायची, ते दिवस खोटं बोलून गोड करणार नाही. पण मुलगा शाळेत रमला आणि मग आम्हीही रमलो.

कोथरूडकर_92

चार दिवस उत्तर दिलं नाही त्याबद्दल माफ करा. शुक्रवारी पैसे भरले नाहीत. एजंटचे सहा फोन आले, शेवटी विचारलं एसीएसची दोन वर्षं धरलीत का, तर म्हणाला ते नंतर बघता येतं. तिथेच विषय संपवला.

मग हा सगळा धागा बायकोला वाचायला दिला. ती बराच वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "मी येईन ती तुझ्यामागून असंच धरलं होतं मी." मला फार लागलं ते, कारण मीही तेच धरलं होतं. वर्गशिक्षिका ताई, तुमचे खरंच आभार.

रात्री तिने माळ्यावरची पेटी काढली. सरावपाठांच्या वह्या सगळ्या आहेत, तपकिरी कव्हर घातलेल्या, प्रत्येक पाठ टाचणाखाली निरीक्षकांची सही आणि तारीख. आम्ही दोघांनी जमिनीवर बसून मोजलं, दोन वर्षांचे मिळून 68 दिवस भरतायत. आयईएलटीएसचं पुस्तकही आणलंय. आईबाबांना रविवारी सांगणार आहोत.

एकच शंका, कॉलेजने पत्र द्यायला वेळ लावला तर ह्या वह्याच स्कॅन करून पाठवल्या तर चालतील का?

वर्गशिक्षिका_ॲडलेड

नाही, वह्यांवर भागणार नाही, कॉलेजचं पत्रच लागतं. पण वह्या घेऊनच कॉलेजात जा. सही असलेल्या तारखा समोर दिसल्या की ऑफिसवाल्यांना हजेरीपत्रकात शोधणं सोपं जातं. पत्रात एकूण दिवस आकड्यात आणि अक्षरात दोन्ही लिहून घ्या, आणि वहिनींचं नाव लग्नाआधीचं असेल तर मॅरेज सर्टिफिकेटची अटेस्टेड कॉपी आत्ताच काढून ठेवा. माझं तिथेही अडलं होतं.

वहिनींना सांगा, बोलण्याचा सराव करायचा असेल तर मला मेसेज करा. भारतातले रात्रीचे आठ म्हणजे इथे उशीर होतो, पण रविवारी दुपारी मी मोकळी असते.