पर्ल सर्व्हर: एक क्लायंट अडला की सगळेच अडतात, सल्ला हवाय

काटेवाला
साखर कारखान्याच्या चार वजनकाट्यांवरची वजनं टीसीपीने (नेटवर्क जोडणीवरून) एका पर्ल भाषेतल्या सर्व्हर प्रोग्रामकडे येतात. काटा (म्हणजे क्लायंट) दर वजनाला जोडणी करतो, एक ओळ पाठवतो, तोडतो. सर्व्हर अ‍ॅक्सेप्ट करून डायमंड ऑपरेटरने (पर्लचं ओळ वाचणारं चिन्ह) ती ओळ वाचतो. मधेच एका काट्याची केबल हलली की चारही काटे गप्प आणि बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. सॉकेटला (जोडणीच्या टोकाला) टाइमआउट ५ सेकंद दिलाय, उपयोग शून्य. दुसऱ्या भाषेत लिहा म्हणू नका, हंगाम चालू आहे.

जुनाट_पर्ली
तो टाइमआउट कनेक्ट आणि अ‍ॅक्सेप्टपुरता, वाचण्याला लागत नाही. सरळ फोर्क करा, म्हणजे प्रत्येक क्लायंटला सर्व्हरची वेगळी प्रत (पोर), मूळ तो पालक. पालकाने क्लायंटचं सॉकेट बंद करायचं, पोराने लिसन करणारं. पोरात अलार्म १० (दहा सेकंदांनी त्याला थांबवणारा) लावा, सिगचाइल्ड (पोर संपल्याचा सिग्नल) इग्नोर करा, म्हणजे झोंबी (संपूनही यादीत उरलेली पोरं) साठत नाहीत. चार काट्यांना फोर्क जड नाही.

रात्रपाळी
पावती क्रमांक मेमरीतल्या हॅशमध्ये (किल्लीवर आकडा ठेवणाऱ्या यादीत) असेल तर फोर्क नको. पोराने वाढवलेला आकडा पालकाला दिसत नाही. आयओ::सिलेक्ट (कोणत्या सॉकेटवर काही आलंय ते सांगणारं मॉड्यूल) बघा.

काटेवाला
हॅशमध्येच आहे! सिलेक्ट लावलं. त्याचं कॅन_रीड म्हणतं तयार, तरी अडकतं.

रात्रपाळी
वाचायला अजून डायमंडच वापरताय ना? सिलेक्ट फक्त काहीतरी आलंय एवढंच सांगतं, पूर्ण ओळ आलीय असं नाही. अर्धं वजन आलं की डायमंड न्यूलाइनची (ओळ संपल्याच्या खुणेची) वाट बघत बसतो. उलट दोन ओळी एकदम आल्या तर तो दोन्ही स्वतःच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) ओढून एकच देतो. दुसरी आत पडून राहते आणि सिलेक्टला ती दिसतच नाही.

सिसरीडने (तो बफर टाळून थेट वाचणारं फंक्शन) ४०९६ बाइटपर्यंत वाचा, फाइलनोच्या (सॉकेटच्या क्रमांकाच्या) किल्लीवर प्रत्येक क्लायंटचा वेगळा बफर ठेवा आणि न्यूलाइन सापडेल तेवढ्याच ओळी तोडून घ्या. सिसरीडने ० दिलं तर समोरचा गेला. अनडेफ (काहीच किंमत नाही) म्हणजे चूक. दोन्ही वेळा सिलेक्टमधून काढा, बंद करा आणि बफर डिलीट करा. तोच फाइलनो पुढच्या क्लायंटला मिळतो, मग एकाचं अर्धं वजन दुसऱ्याच्या उसाला चिकटेल. शेतकरी सोडणार नाही.

केबल उपटली तर ० सुद्धा येत नाही. म्हणून कॅन_रीडला १ सेकंद द्या आणि ३० सेकंद गप्प असलेल्याला हाकला.

काटेवाला
दोन नंबरची केबल मुद्दाम उपटली, बाकी तिन्ही चालू! डिलीट राहिलं होतं, घातलं. पावती परत पाठवायला प्रिंट चालेल?

जुनाट_पर्ली
प्रिंट नको, सिसराइट (सिसरीडसारखंच थेट लिहिणारं) वापरा. आणि सिगपाइप (तुटलेल्या जोडणीवर लिहिल्याचा सिग्नल) इग्नोर करा. समोरच्याने तोडलेल्या सॉकेटवर लिहायला गेलात तर अख्खा सर्व्हर मरतो.