प्रतिसाद: नाताळच्या जेवणाला कोणती स्पॅनिश व्हाइट वाईन न्यावी?
वर कुणीतरी ओक लाकडाच्या पिंपात मुरवलेली व्हाइट रिओहा (स्पेनच्या रिओहा भागातली व्हाइट वाईन) सुचवली आहे. वाईन झकासच, पण सांगलीत ताटात कांदा-लसूण मसाल्याचं सुकं मटण असणार. त्या तिखटावर ओक कडवट लागतो आणि जास्त अल्कोहोल जिभेची आग वाढवतं. लेबलवर 'बारिका' (पिंप) किंवा 'क्रियांसा' (मुरवलेली) दिसलं की बाटली परत ठेवा. स्पेनच्याच रुएदा भागातली वेर्देहो (त्या नावाच्या द्राक्षाची व्हाइट) घ्या, शक्यतो गेल्या दोन वर्षांतली. तळलेले मासे असतील तर रिआस बायशास भागातली अल्बारिन्यो (हेही द्राक्षाचंच नाव). ७५० मिलीत जेमतेम पाच ग्लास होतात, माणसं मोजून न्या. प्रवासात बाटली कोमट होतेच. पोचल्यावर बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घातलेल्या बादलीत २० मिनिटं बुडवा. नुसत्या बर्फात फटींमधली हवा आड येते, वेळ जातो. फ्रीझरमध्ये विसरलात तर बूच वर सरकलंच म्हणून समजा.