कोळशापलीकडची बीएनएसएफ
कोळसा कमी झाला की बीएनएसएफ या अमेरिकेतल्या मालवाहू रेल्वे कंपनीचा धंदा बसणार, असं म्हटलं जातं ते मला पटत नाही. कोळशाची वाहतूक घटलीय हे खरं, पण या कंपनीचा मोठा आधार कंटेनर आहेत. १९८९ साली सांता फे रेल्वेने जे. बी. हंट या ट्रकवाल्या कंपनीशी, म्हणजे प्रतिस्पर्ध्याशीच, हातमिळवणी केली. लांबचा पल्ला रेल्वेने, दारापर्यंत ट्रकने. १९९५ मध्ये सांता फे आणि बर्लिंग्टन नॉर्दर्न या रेल्वे कंपन्यांच्या विलीनीकरणातून बीएनएसएफ झाली, तेव्हाही ते नातं टिकलं.

कॅलिफोर्नियात कहोन खिंडीपाशी उभं राहून मी या मालगाड्या पाहिल्यात. एकावर एक दोन कंटेनर, पुढे-मागे इंजिनं, चढावर अगदी सावकाश. मोजता मोजता दोनशेच्या पुढे गेलो, आणि त्यात जे. बी. हंटचे पांढरे कंटेनर किती तरी होते!