पांढरा रस्सा फाटतो, आणि आठ तारखेला आई-बाबा येतायत

वऱ्हाडातली_सून

नमस्कार. लग्न होऊन कोल्हापुरात आले त्याला आठ महिने झाले. माहेर अमरावती. ८ नोव्हेंबरला आई-बाबा पहिल्यांदाच इकडे येतायत, ११ ला दुपारच्या महाराष्ट्र एक्स्प्रेसने परत. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला गेल्यात, म्हणजे स्वयंपाकघर पूर्ण माझ्या ताब्यात.

इथं 'चटणी' म्हणजे कांदा-लसूण मसाला, हेच मला कळायला दोन आठवडे लागले. सासूबाई म्हणाल्या, "आमटीत दोन चमचे चटणी घाल," आणि मी फ्रीजमधली ओल्या खोबऱ्याची चटणी घातली. त्यावरून माझी तयारी ओळखा.

तांबडा रस्सा आता जमतो. पांढरा गेल्या रविवारी केला तो फाटला. खाली पाणी, वर पांढरे कण. दिरांनी वाटीत डोकावून विचारलं, "वहिनी, मठ्ठा केलाय का?" बाबांनी फोनवर तीनदा सांगून ठेवलंय की पांढरा रस्सा खायचाच. आई माळकरी, तिच्यासाठी काय करू? आणि बाबांचे गुडघे दुखतात. अडीच दिवसांसाठी माझी यादी: अंबाबाई, ज्योतिबा, पन्हाळा, नवा राजवाडा, कणेरी मठ, नरसोबाची वाडी, खिद्रापूर, राधानगरी, दाजीपूर. जमेल का?

घाईतला_गडी

रश्श्यात चमचाभर कॉर्नफ्लोअर टाका, फाटत नाही. कुणाला कळतही नाही. यादी मात्र अशक्य आहे.

उद्यमनगरचा_म्हातारा

कॉर्नफ्लोअरवाल्याला आधी पंचगंगेत बुडवून काढा. पोरी, त्याचं काही ऐकू नको.

मी उद्यमनगरात लेथवर तीस वर्षं काढली. रविवारी आमच्यात रस्सा मी करतो, भाकऱ्या मंडळी करतात. तुझा रस्सा आचेनं फाटलाय. नारळाचं दूध घातल्यावर तू खळाखळा उकळी आणलीस, व्हय की न्हाई?

आता नीट ऐक. अर्धा किलो मटण घेताना नळी आणि हाडं मागून घे, रश्श्याची चव त्यात असते. आलं-लसूण-मीठ लावून पातेल्यात शिजव, कुकर नको. पातेल्यावर ताट ठेवायचं, ताटात पाणी. आतलं पाणी आटलं की ताटातलं गरम पाणी आत, ताटात पुन्हा नवं. गार पाणी ओतलंस तर मटण वातड होतं. हळद लावू नको. बरेच लोक चिमूटभर लावतात, पण मग तो पांढरा राहत न्हाई, हळदीच्या दुधासारखा दिसतो. हे जे पाणी निघतं ती अळणी. मीठ घातलं तरी आम्ही अळणीच म्हणतो, का ते विचारू नको. त्यातली वाटीभर मिरपूड टाकून बाबांना आधीच दे, म्हणजे ते स्वयंपाकघरात येऊन 'झालं का' विचारणार न्हाईत.

वाटणाला खसखस दोन चमचे, पांढरे तीळ एक चमचा, काजू दहा-बारा. खसखस अर्धा तास गरम पाण्यात भिजव, न्हाईतर ती मिक्सरला दाद देत न्हाई आणि रस्सा दाताखाली रवाळ लागतो. एका नारळाचं दूध काढ. पहिलं घट्ट वेगळं, दुसरं पातळ वेगळं. तुपात दालचिनी, लवंग, हिरवी वेलची, आख्खी मिरी टाकून वाटण मंद आचेवर परत. रंग बदलता कामा नये. मग अळणी, मग पातळ दूध, आणि काय ती उकळी आत्ताच काढून घे. त्यानंतर गॅस अगदी बारीक कर, घट्ट दूध घाल आणि पळी थांबवू नको. कडेनं बारीक बुडबुडे दिसले की बंद. झाकण नको. परत गरम करायचा झाला तर भांडं उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेव. एकदा मेहुणे आले होते, मी रस्सा गॅसवर ठेवून खासबागेतल्या कुस्तीच्या गप्पा मारत बसलो. त्या दिवशी आमच्याकडं पण मठ्ठाच झाला होता.

आईसाठी पांढऱ्या रश्श्याची शाकाहारी नक्कल करत बसू नको. अळणीच नसेल तर ते नारळाचं सूप झालं. आख्खा मसूर कर, तुमच्या त्याच चटणीत, वर तेलाचा तवंग, सोबत ज्वारीची भाकरी. (हॉटेलात 'व्हेज कोल्हापुरी' मिळते तसली भाजी आमच्या घरात मी साठ वर्षांत बघितली न्हाई.) आणि आईची भांडी वेगळी काढून ठेव, तिला विचारायला लागू नये.

फिरायचं म्हणशील तर ज्योतिबाला पायऱ्या, तो काढ. राधानगरी-दाजीपूर एका अख्ख्या दिवसाचं काम, पुढच्या खेपेला. पन्हाळा ठेव. वीसेक किलोमीटर आहे आणि गाडी थेट गडावर जाते. तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जाकोठी गाडीनंच कर. येताना एखाद्या गुऱ्हाळावर थांब. काहिलीतल्या रसाचा थेंब गुळव्या गार पाण्यात टाकून बघतो, गोळी जमली की काहील उतरवतात. तो क्षण बाबांना दाखव. काकवी घ्यायला घरातून बरणी ने. गूळ पिवळाधमक दिसला तर घेऊ नको, तांबूस घे.

अंबाबाईचं मात्र ध्यानात ठेव. ९, १०, ११ नोव्हेंबरला किरणोत्सव असतो. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, मग छातीपर्यंत, मग चेहऱ्यावर. ढग आला की सगळं हुकतं. गर्दी म्हणशील तर विचारू नको, बाबांना संध्याकाळी नेऊ नको. त्यांना पहाटे ने, आणि संध्याकाळी गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध पाज. समोर धार काढून देतात.

शिरोळची_मावशी

काकांनी आमचा तालुका विसरूनच टाकला. ताई, एक दिवस वाडी आणि खिद्रापूर करा, सातला घर सोडा. आधी वाडीत दत्ताच्या पादुकांचं दर्शन. घाट उतरायला लागतो, पण बाबा वर सावलीत बसू शकतात. बासुंदी तिथंच खा, कवठाची बर्फी बांधून घ्या. रस्त्यात कृष्णाकाठची वांगी दिसली तर सोडू नका, आईंना भरली वांगी करा.

दुपारी खिद्रापूर. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाला मधोमध छतच नाही, वर गोल आकाश आणि खाली दगडी फरशीवर उन्हाचा गोल पडलेला. खांब बघत कडेनं हळूहळू फिरायचं, गुडघ्यांना त्रास नाही. महादेवासमोर नंदी नाही, हे आईंच्या लगेच लक्षात येईल. सती माहेरी निघाली तेव्हा नंदी तिच्यासोबत गेला, असं आम्ही लहानपणापासून ऐकतोय. तो पलीकडं कर्नाटकात यडूरला आहे म्हणतात.

वऱ्हाडातली_सून

काका, एकच शंका. मटण मऊ झालं की तुकडे रश्श्यात ठेवायचे का?

उद्यमनगरचा_म्हातारा

न्हाई. तुकडे काढून सुक्क्याला. रश्श्यात फार तर एखादी नळी.

वऱ्हाडातली_सून

आज १३ तारीख, म्हणून कळवते. रस्सा फाटला नाही! ताटातलं पाणी मी चार वेळा बदललं. बाबांनी तीन वाट्या घेतल्या आणि दिरांनी काहीच विचारलं नाही, हे मला जास्त आवडलं. आख्खा मसूर थोडा तिखट झाला, आईने काकवी घेऊन निभावलं.

किरणोत्सवाला आई ऐकेचना. दहा तारखेला आम्ही दोघी गेलो, बाबांना दुधावर सोडून. ऐन वेळी ढग आला. गर्दीत कुठल्यातरी आजींनी आईचा हात धरला होता, तो दर्शन होईपर्यंत सोडला नाही. पन्हाळा राहिला. खिद्रापुरात बाबा एकाच खांबापाशी अर्धा तास उभे, गुडघा-बिडघा सगळं विसरून.

जाताना चटणीचा डबा दिला, भाजीत किती घालायची ते कागदावर लिहून. काल आईचा फोन: "तुमची चटणी छान आहे गं, तेल घालून पोळीशी खाल्ली." कागद तिने वाचलाच नव्हता.

उद्यमनगरचा_म्हातारा

बरोबर खाल्ली की त्यांनी! फक्त पोळी नको म्हणावं, भाकरी.