मदत हवी आहे: लेक केस उपटते, स्टारचा तक्ता फसला. आता काय करू?

सुपारीचं_खांड

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलंय, सांभाळून घ्या.

लेक दहा वर्षांची, पाचवीत. जूनमध्ये वेणी घालताना उजव्या कानामागे रुपयाएवढी जागा मोकळी दिसली. सासूबाई म्हणाल्या, चाई पडली. झालं! कांद्याचा रस, जास्वंदीचं तेल, जो जे सांगेल ते. दिवाळीच्या साफसफाईत तिची गादी उचलली तर भिंतीकडच्या फटीत केसांचा पुंजका. लांब, मुळासकट. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

त्वचेच्या डॉक्टरांनी भिंगातून बघितलं. म्हणाले, चाईत जागा गुळगुळीत होते, इथे खुंट आहेत आणि प्रत्येक खुंटाची उंची वेगळी, म्हणजे हातानं तुटलेत. ट्रायकोटिलोमेनिया, म्हणजे स्वतःचेच केस उपटत राहण्याचा आजार. "मलमाचं काम नाही, सायकॉलॉजिस्टकडे जा, बिहेवियर थेरपी लागेल," एवढं बोलून पुढच्या पेशंटला हाक.

आमच्या गावात तसं कुणी नाही. सांगलीची अपॉइंटमेंट मिळाली ती पाच आठवड्यांनंतरची. मग मीच नेटवर बक्षीस-दंडाचं वाचून फ्रिजवर तक्ता लावला. केस न उपटता दिवस गेला की एक स्टार, सात स्टारला पाणीपुरी, साठला सायकल. कुठे केस सापडला की दोन स्टार कट. पहिले नऊ दिवस ओळीनं स्टार! मी सगळ्यांना फोन करून सांगितलं.

दहाव्या दिवशी परिसर अभ्यासाचं पुस्तक उघडलं तर पानांच्या शिवणीत एकेक केस नीट लावून ठेवलेला. कानामागे नवे केस येत होते, पण आता माथ्यावर, भांगाच्या कडेला जागा झाली होती. मी ओरडले. खरं सांगते, हातही उगारला. ती रडत म्हणाली, "आई, हात कधी जातो ते मला कळतच नाही. स्टार गेला की कळतं."

त्या दिवसापासून माझ्याकडून वेणी घालून घेत नाही.

नवऱ्याचं म्हणणं, सायकल रद्द कर म्हणजे ताळ्यावर येईल. सासूबाई म्हणतात, सरळ बॉयकट करा. तक्ता चालू ठेवू का? पाच आठवडे घरी काय करता येईल? शाळेत बाईंना सांगावं का?

झिपरी

ताई, मी चौतीस वर्षांची आहे आणि अकराव्या वर्षापासून उपटतेय, म्हणून आधी एकच: बॉयकट नको. माझा केला होता. मी भुवयांवर गेले.

बाबांनी केसामागे रुपया दंड लावला होता. मी एवढंच शिकले की बाथरूमची कडी लावून बसायचं. लेक खोटं बोलत नाहीये. अभ्यास करताना, टीव्ही बघताना हात आपोआप जातो. बोटांना एखादा केस खरखरीत लागतो, मग तो निघेपर्यंत चैन पडत नाही, निघाला की क्षणभर बरं वाटतं. पुढे दिवसभर लाज. सविस्तर कुणी जाणकार लिहितीलच.

तिरसट

नाव फ्रेंच डॉक्टरानं दिलं की आजार होतो वाटतं. आमच्या वेळी दोन धपाट्यांत अशा सवयी जायच्या.

झिपरी

जायच्या नाहीत काका, तुम्हाला दिसायच्या बंद व्हायच्या. आणि नाव १८८९ सालचं आहे, तुमच्या वेळेच्या बरंच आधीचं.

कंपाउंडर

एक महत्त्वाचं विचारायचं राहिलंय. उपटलेला केस ती तोंडात घालते का? चावते, गिळते? केस पचत नाहीत, पोटात गोळा होऊ शकतो. पोट दुखणं, उलट्या, थोडं खाल्लं की पोट भरणं, वजन घटणं यांतलं काही असेल तर सांगलीची वाट बघू नका, आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि केसांचं स्पष्ट सांगा. आपण सांगितलं नाही तर त्यांच्या डोक्यातही येणार नाही.

खडूफळा

विशेष मुलांच्या शाळेत बावीस वर्षं काढली आहेत, त्या जोरावर लिहिते. मी डॉक्टर नाही. सांगलीला जायचंच आहे.

तुझा तक्ता का फसला ते आधी बघू. बक्षीस कशाला होतं? तुला वाटतंय, न उपटण्याला. प्रत्यक्षात ते होतं केस न सापडण्याला. लेक हुशार, ती नेमकं तेच शिकली. केस गादीतून पुस्तकात गेले.

स्टार किंवा टोकन देण्याची ही पद्धत मोठ्या प्रमाणावर आधी वापरली ती अमेरिकेत इलिनॉयमधल्या ॲना स्टेट हॉस्पिटलात, १९६० च्या दशकात, आयलॉन आणि एझ्रिन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी. तिथं वर्षानुवर्षं पडून असलेल्या मनोरुग्णांना अंघोळ करणं, अंथरूण आवरणं, वॉर्डातली कामं करणं यासाठी टोकन मिळायचं. म्हणजे काय, तर ठरवलं की करता येतील आणि समोर दिसतील अशा गोष्टी. आमच्या शाळेतही दप्तर जागेवर ठेवणं, हात वर करून बोलणं यासाठी हे छान चालायचं. पण जो हात नकळत डोक्यात जातो, त्याला स्टारचं आमिष काय कामाचं?

गंमत म्हणजे त्याच एझ्रिननी १९७३ साली नन नावाच्या सहकाऱ्याबरोबर अशा नकळत होणाऱ्या सवयींसाठी वेगळी रीत मांडली, हॅबिट रिव्हर्सल, म्हणजे सवय उलटवणं. सांगलीत बहुधा हेच सुरू होईल. त्यात पहिलं काम थांबवणं नसतं, कळणं असतं. लेकीला एक छोटी वही दे. हात डोक्याकडे गेल्याचं लक्षात आलं की एक रेघ, शेजारी कुठे होती आणि काय करत होती ते. कोणता हात, आधी काय होतं (गालावर हात टेकवते? केस चाचपते?) हे तिनं तुला शोधून सांगायचं. पोलीस तिनंच व्हायचं, तू नाही. पहिल्या आठवड्यात रेघा वाढतील. घाबरू नकोस, आधीही तेवढ्याच होत्या, फक्त मोजत कुणी नव्हतं.

मग त्या हाताला दुसरं काम. हात वर निघाला की मूठ आवळून मांडीवर ठेवायची, साधारण मिनिटभर, ओढ ओसरेपर्यंत. मूठ वळलेली असताना केस धरता येत नाही, एवढंच त्यामागचं तत्त्व. वर्गातही कुणाच्या लक्षात येत नाही. टीव्ही लागायच्या आधी पाच-सहा वेळा खोटी खोटी तालीम करून घे.

जागेचंही बघ. अभ्यासाला डोक्याला रुमाल, हातात मऊ बॉल किंवा कणकेचा गोळा, बोटांच्या टोकांना पट्टी. आमची एक मुलगी गणिताच्या तासाला वाटाणे सोलायची, बाईंनी परवानगी दिली होती.

तक्ता फाडू नकोस, पण दंड आजपासून बंद. कापलेले स्टार परत चिकटव आणि तिच्यासमोर "माझं चुकलं" म्हण. स्टार आता मूठ वळल्याला आणि वही खरी लिहिल्याला. रेघा वीस असल्या तरी स्टार. सायकलही लांबवू नकोस, साठ दिवस ही दहा वर्षांच्या मुलीला शिक्षाच वाटते.

शाळेत बाईंना सांग, पण लेकीला विचारून. वर्गात टोकायचं नाही, रुमाल काढायला लावायचा नाही, एवढंच मागायचं.

थेरपिस्टची आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी आहे का आणि त्यांनी हॅबिट रिव्हर्सल केलंय का, हे फोनवरच विचार, संकोच नको. मधल्या काळात तुलाच रडू फुटलं तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६. सरकारी, फुकट, मराठीत बोलतात.

सुपारीचं_खांड

सगळ्यांचे आभार. खडूफळाताई, "केस न सापडण्याला बक्षीस" वाचून मी ओट्याशीच बसले.

कंपाउंडर, विचारलं. ओठांवर फिरवते, गिळत नाही म्हणते. पोटाची तक्रार नाही, तरी सोमवारी बालरोगतज्ज्ञांकडे नेतेय.

काल संध्याकाळी कापलेले सगळे स्टार परत लावले. पाणीपुरीही खाल्ली, मागची थकबाकी. वहीचं तिला पटलं, पण अट घातली की आजीला दाखवायची नाही. आज सकाळची पहिली नोंद: "७.१०, दात घासताना, डावा हात." ब्रश उजव्या हातात असतो म्हणून डावा रिकामा! एवढे महिने माझं लक्ष उजव्यावर.

एक विचारायचं राहिलं. बोटाची पट्टी मेडिकलमधली साधी चालेल? आणि शाळेत शाईचं पेन असतं, पट्टी घाण होते.

झिपरी

कागदी चिकटपट्टी घे, पांढरी, सहज फाटते. अंगठा आणि पहिलं बोट, दोनच. लिहिणाऱ्या हाताला लावायची गरजच नाही ना आता, डाव्यालाच लाव.